जखमेला करंट लावतात म्हणे, खरं काय?



मागच्या महिन्यात बाळकुम पाड्यातल्या एका गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाचा एक अर्ज आला. रक्कम १८ हजार. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "सासूच्या पायासाठी मशीन." अध्यक्षताईंनी विचारलं, "कसली मशीन गं?" तर ती ताई म्हणाली, "करंटची. जखमेला बारीक करंट द्यायचा, जखम भरते. एक माणूस घरी येऊन दाखवून गेला."

सगळ्या हसल्या. एक काकी म्हणाल्या, "आमच्याकडे लाईटच्या खांबाजवळ मुलं जाऊ नयेत म्हणून ओरडतो आणि ही पायाला करंट लावते!" मीसुद्धा मनात म्हटलं, ही फसवणूकच आहे. पण ती ताई हसत नव्हती. सासूची जखम पाच महिने भरत नव्हती. शुगर दहा वर्षांची. खाडीत कालवं काढायला गेल्या होत्या, तेव्हा तळव्याला काहीतरी लागलं. दुखलं नाही म्हणून लक्ष दिलं नाही, आणि नंतर ती चिघळली. ताईच्या हातात दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून ती मशीनकडे वळली होती.

मी सांगितलं, अर्ज आठ दिवस थांबवा, मी माहिती काढते. मी समाजकार्य शिकलेली आहे, डॉक्टर नाही. म्हणून वाचलं, आणि ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे जाऊन बसले. कबूल करते, मला वाटलं होतं तसं निघालं नाही. करंटने जखम भरायला मदत होते ही गोष्ट खोटी नाही. पण त्या माणसाने जे सांगितलं ते अर्धंच होतं, आणि उरलेलं अर्धं आपल्या कामाचं आहे.

आपल्या शरीरातच एक सेल आहे

टॉर्चमध्ये घालतो तो पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. आपल्या कातडीतही असाच एक फार कमजोर सेल असतो. कातडीच्या पेशी मिठातला सोडियम सतत बाहेरून आत ओढत असतात. त्यामुळे कातडीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू यांच्यात विजेचा थोडा फरक तयार होतो, साधारण काही शतांश व्होल्टचा. टॉर्चच्या सेलच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाएवढा धरा. कातडी अखंड आहे तोवर हा फरक तसाच राहतो, आपल्याला कळतही नाही.

विळीने बोट कापलं की काय होतं? तिथली कातडी फुटली, म्हणजे सेलची भिंत फुटली. मग जखमेतून बारीक करंट वाहायला लागतो. १८४३ साली बर्लिनच्या एमिल द्यु ब्वा-रेमों या शास्त्रज्ञाने स्वतःच्या कापलेल्या बोटातून वाहणारा हा करंट मोजला होता. तो एका ॲम्पियरच्या दहा लाखाव्या भागाइतका भरला. आपल्या घरातला साधा दिवाही त्याच्या हजारो पट करंट खातो.

इतक्या बारीक करंटचा उपयोग काय? तो पेशींना वाट दाखवतो. जखमेच्या कडेच्या कातडीच्या पेशींना करंटवरून कळतं की मधला भाग कुठे आहे, आणि त्या सरकत सरकत तिकडे निघतात. अंधारात घरातल्या दिव्याकडे बघून पायवाट काढतो ना, तसंच. २००६ साली मिन झाओ आणि त्यांच्या सोबतच्या शास्त्रज्ञांनी हे प्रयोगशाळेत नीट दाखवून दिलं. त्यांनी करंटची दिशा उलटी केली, तर पेशीही उलट्या फिरल्या आणि जखमेपासून लांब जायला लागल्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

म्हातारपणी हा सेलही कमजोर होतो. अमेरिकेत २०११ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात तरुण माणसांच्या जखमेजवळचा विजेचा जोर आणि पासष्टीच्या पुढच्या माणसांचा जोर मोजला होता. म्हाताऱ्यांचा जवळपास निम्माच निघाला. आजींचं खरचटलं लवकर भरत नाही, त्यामागे इतर कारणं आहेतच, पण हेही एक असू शकतं.

आता यातून घरात वापरायची एक गोष्ट निघते. हा करंट ओल्या जागेतूनच वाहतो. जखम कोरडी पडली, वर कडक खपली आली, की तो जवळजवळ बंद होतो. आपल्याकडे मात्र "वारा लागू दे, सुकू दे" असंच सांगतात. १९६२ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज विंटर या माणसाने डुकरांच्या जखमांवर प्रयोग केला. काही जखमा उघड्या ठेवल्या, काही झाकून ओलसर ठेवल्या. झाकलेल्या जखमांवर नवीन कातडी साधारण दुप्पट वेगाने आली. तेव्हापासून दवाखान्यात ओलसर ड्रेसिंगची पद्धत आली. ओलसर म्हणजे चिखल नव्हे हं. कोळंबी सोलताना दिवसभर पाण्यात राहणारी बोटं पांढरी पडतात, तशी जखमेच्या बाजूची कातडी फुगायला नको.

आणि चुना, कॉफी पावडर, पानतंबाखू, बॅटरीची काळी पूड. मी बैठकीत विचारलं तेव्हा यातलं प्रत्येक कुणी ना कुणी लावलेलं निघालं. एक आजी म्हणाल्या, "काय नाय होत गं पोरी, आम्ही चुनाच लावत आलो." आजी, तुमची कातडी तेव्हा वीस वर्षांची होती आणि शुगर नव्हती. चुन्याने कातडी भाजते. शुगरवाल्या पायाला हे काहीही लावू नका.

दवाखान्यात करंट कसा देतात

शरीराचा स्वतःचा करंट कमी पडतो, जखम अडून बसते, तर बाहेरून थोडा दिला तर? हा विचार जुना आहे, आणि मोठ्या माणसांवर त्याचे प्रयोग झालेले आहेत. फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला पद्धत सांगितली. आधी जखम स्वच्छ धुतात. मग निर्जंतुक मीठपाण्यात भिजवलेली गॉज जखमेत ठेवतात, त्यावर एक पट्टी. दुसरी मोठी पट्टी बाजूच्या चांगल्या कातडीवर. मशीनमधून तुटक तुटक, ठोक्यांसारखा करंट सोडतात. माणसाला मुंग्या आल्यासारखं वाटलं पाहिजे, चटका नाही, दुखणं नाही. एका वेळी पाऊण ते एक तास, आठवड्यातून पाच दिवस, आणि असं कित्येक आठवडे. कोणत्या वेळी कोणती पट्टी धन आणि कोणती ऋण ठेवायची, हेही ठरवावं लागतं. (उलट्या फिरलेल्या पेशी आठवल्या?)

याचा सर्वांत चांगला पुरावा आहे तो अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमांचा. लकवा झालेल्या, मणक्याला मार लागलेल्या माणसाला माकडहाडावर, टाचेवर खोल व्रण पडतात, ज्याला दवाखान्यात बेडसोअर म्हणतात. तिथे इतर उपाय करूनही जखम हटत नसेल तर असा ठोक्यांचा करंट वापरावा, असं या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. अमेरिकेत ज्येष्ठ नागरिकांसाठी मेडिकेअर नावाची सरकारी विमा योजना आहे. तिने २००३ पासून याचा खर्च द्यायला सुरुवात केली. पण अट घातली: आधी निदान ३० दिवस नेहमीचे नीट उपचार झालेले असले पाहिजेत, आणि तरीही जखमेत सुधारणा दिसत नसली पाहिजे. दुसरी अट मला जास्त महत्त्वाची वाटली. घरी बसून, कुणी जाणकार नसताना स्वतःच करंट घेतला तर त्याचे पैसे मेडिकेअर देत नाही.

म्हणजे ज्या देशात सरकारी विमा याचा खर्च देतो, तिथेही ती घरात एकट्याने हाताळायची गोष्ट मानत नाहीत.

नवीन संशोधनही चालू आहे. २०२२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एक अशी पट्टी तयार केली जी जखमेचं तापमान वगैरे ओळखते आणि लागेल तसा करंट देते. उंदरांच्या जखमा त्याने साधारण २५ टक्के लवकर भरल्या. २०२४ मध्ये पाण्याच्या थेंबाने सुरू होणाऱ्या बॅटरीची पट्टी आली, तीही शुगर असलेल्या उंदरांवर तपासलेली. मोबाईलवर अशा बातम्या फिरतात तेव्हा "उंदीर" हा शब्द शोधायचा. तो बहुतेक वेळा शेवटच्या ओळीत असतो.

मग शुगरच्या पायाचं काय

आता मूळ प्रश्न. त्या ताईच्या सासूची जखम अंथरुणाची नव्हती, शुगरच्या पायाची होती. शुगरच्या पायावर काम करणाऱ्या डॉक्टरांचा एक आंतरराष्ट्रीय गट आहे, तो दर चार वर्षांनी सूचना काढतो. त्या गटाने करंट, चुंबक, अल्ट्रासाउंड या उपायांबद्दल स्पष्ट सांगितलेलं आहे: नेहमीच्या नीट उपचारांऐवजी हे वापरू नका. कारण फायदा होतो असा भक्कम पुरावा तिथे नाही.

असं का? मला हे समजायला वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. चप्पल चावते, खडा टोचतो, पण कळत नाही. आपण लंगडतो ते दुखतं म्हणून. ज्याला दुखत नाही तो त्याच जखमेवर पूर्ण वजन टाकून चालत राहतो. घरभर, पाण्याला, बाजाराला, खाडीवर. दिवसाला हजारो वेळा तीच जागा चेपली जाते. रात्री आलेली नवीन कातडी सकाळी संडासला जाईपर्यंत फाटते. त्यात पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. अशा जखमेला वरून करंट देऊन काय होणार? एकीकडे भिंत बांधायची आणि दुसरीकडे रोज तीच भिंत पाडायची.

हे कोडं आपल्याच देशात सुटलं, तेही कुष्ठरोग्यांमुळे. पूर्वी लोक समजत की कुष्ठरोगाने मांस सडतं, बोटं गळून पडतात. तमिळनाडूतल्या वेल्लोरला काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटापासून बारकाईने बघायला सुरुवात केली, आणि दाखवलं की मांस सडत नाही. नसा बधिर होतात, माणसाला दुखत नाही, म्हणून तो स्वतःच्या पायाला रोज इजा करत राहतो. उपाय काय वापरला? पायाला नीट बसणारं प्लास्टर, म्हणजे वजन सगळ्या पायावर वाटलं जाईल. आणि मऊ, बारीक छिद्रांच्या रबराची चप्पल, जिला एमसीआर चप्पल म्हणतात. ही चप्पल आजही कुष्ठरोग कार्यक्रमात देतात. वडाळ्याचं ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आपल्यापैकी काहींना माहीत असेल, १८९० पासूनचं आहे ते. तिथल्या माणसांचे पाय आणि आपल्या घरातल्या शुगरवाल्यांचे पाय, यांचं दुखणं या बाबतीत सारखंच आहे. मग तीच चप्पल आपल्या सासूसाठी मागायला लाज कसली?

तर शुगरच्या पायाला जखम भरण्यासाठी लागतं ते हे: जखमेवरचं वजन काढणं, मेलेली कातडी डॉक्टरकडून कापून काढणं, जंतू झाले असतील तर औषध, रक्त पोहोचतं का याची तपासणी, शुगर ताब्यात आणि स्वच्छ झाकलेलं ड्रेसिंग. यातलं एकही मशीनमध्ये नाही.

उलट मशीन धोक्याची ठरू शकते. बधिर पायाला मुंग्या कळत नाहीत, त्यामुळे करंट जास्त झाला तरी कळत नाही आणि कातडी भाजते. हाडापर्यंत जंतू गेले असतील आणि त्यावर उपचार झालेला नसेल तर करंट देत नाहीत, कारण वरून कातडी बंद होते आणि आत पू तसाच राहतो. छातीत पेसमेकर असेल, जखमेच्या जागी कॅन्सर असेल तर देत नाहीत. गरोदर बाईच्या पोटाकडे, कमरेकडे देत नाहीत. जखमेत आयोडीनचं लाल औषध किंवा चांदीचं मलम राहिलं असेल तर ते आधी पूर्ण धुवावं लागतं. घरी येऊन मशीन दाखवणाऱ्या माणसाने यातलं काही विचारलं नव्हतं. मी त्या मशीनचा फोटो फिजिओथेरपिस्ट ताईंना दाखवला. त्या म्हणाल्या, ही कंबरदुखीला, मानदुखीला चिकट पट्ट्या लावून वापरतात त्यातलीच दिसते. तिच्यावर नवीन कागद चिकटवला की ती जखमेची मशीन झाली.

आणि एक अगदी मोठ्या अक्षरात लिहावंसं वाटतं. मोबाईलचा चार्जर, इन्व्हर्टर, गाडीची बॅटरी, घरातली वायर यातलं काहीही जखमेला लावून बघू नका. घरातली लाईन २३० व्होल्टची असते. दवाखान्यातल्या करंटशी तिचं नावाशिवाय काही नातं नाही.

बैठकीत करून बघण्याजोगं

पायाला बधिरपणा आला आहे का हे पाच मिनिटांत बघता येतं, त्याला यंत्र लागत नाही. शुगर असलेल्या ताईने डोळे मिटून बसायचं. दुसरीने तिच्या पायाच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या तर्जनीने हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, घासायचं नाही, टोचायचं नाही. कळलं की तिने "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. दोन्ही पायांची मिळून सहा बोटं. त्यातली दोन किंवा जास्त बोटं कळली नाहीत तर पायाची संवेदना कमी झाली असं समजायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. आम्ही त्या बैठकीत नऊ जणींचं केलं. दोघींना कळलंच नाही, आणि त्यातल्या एकीला आपल्याला असं काही असेल हे माहीतच नव्हतं. ती अनवाणी आली होती.

जखम भरते आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही, रोज बघणाऱ्याला तर नाहीच. दर रविवारी मोबाईलवर फोटो काढा, जखमेच्या बाजूला (वर नाही) एक रुपयाचं नाणं ठेवून. चार आठवड्यांत जखम निम्मीही झाली नसेल तर उपचार बदलायला हवेत, असं डॉक्टरही मानतात. ते चार फोटो घेऊन जा. "बरेच दिवस झाले" म्हणण्यापेक्षा फोटो दाखवला की डॉक्टर लगेच ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

शुगरवाल्याच्या पायाला नवीन जखम झाली तर एका दिवसात दाखवायचं. लाली वर चढत असेल, वास येत असेल, कातडी काळी पडत असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी. बाळकुमकडून कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आपल्याला माहीत आहे. भरती व्हावं लागलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

आणि उद्या कुणी डॉक्टरांनीच करंटचा उपचार सुचवला तर घाबरू नका, पण विचारा. रक्तपुरवठा तपासला का? हाडाचा एक्स-रे झाला का? वजन काढायची सोय केली का? करंट कोण देणार आणि कुठे? दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट देणार असेल आणि आधीच्या तिन्हींची उत्तरं "हो" असतील, तर गोष्ट वेगळी.

त्या अर्जाचं पुढे काय झालं

आठ दिवसांनी गट पुन्हा बसला. ताई माझ्यावर रागावली होती. तिचं म्हणणं, "मॅडम, तुम्ही नाही म्हणाल, मग मी करू काय?" बरोबर होतं तिचं. नुसतं नाही म्हणणं सोपं असतं. मग गटाने ठरवलं, १८ हजार नाही, ४ हजार द्यायचे: रिक्षाभाडं, तपासण्या आणि चप्पल यासाठी. दोघी जणी सोबत गेल्या, कारण ताईला मजुरी बुडवून रांगेत एकटीने उभं राहणं जमत नव्हतं.

एक्स-रेत दिसलं की एका बोटाच्या हाडापर्यंत जंतू गेले होते. वरून जखम लहान दिसत होती. त्यावर मशीन लावली असती तर काय झालं असतं, हे फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला आधीच सांगितलं होतं. मी ते त्या दिवशी ताईला सांगितलं नाही, नंतर सांगितलं. सासूबाईंचं एक बोट काढावं लागलं. पाय वाचला. आता पायाला वजन काढणारं प्लास्टर आहे, आणि त्यांना सगळ्यांत जास्त त्रास होतो तो घरात बसून राहण्याचा. कालवं आणायला कोण जाणार, हा त्यांचा रोजचा प्रश्न.

तिसऱ्या रविवारचा फोटो परवा व्हॉट्सॲपवर आला. नाण्यापेक्षा जखम लहान दिसते आहे. कर्जाचा पहिला हप्ता ताईने वेळेवर भरला.